माणिकराव दम बघतात

गोदावरीच्या काठावर बसून लातूरचं पाणी पिणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. मी दर महिन्याला पाहतो. माणिकराव आमचे इवाई, म्हणजे माझ्या सुनेचा बाप. लातूरहून एसटीनं नांदेड, तिथून आमचं गाव, आणि खांद्यावर पाच लिटरचा कॅन. लातूरला पाण्याची काय तऱ्हा असते ते मी सांगायला नको. इकडं माझ्या घरामागं धरणाचं पाणी एवढं पसरलंय की अर्धं शेत पलीकडं गेलं. तरी माणिकराव कॅनचं टोपण काढतात, घोट घेतात आणि म्हणतात, "लेकीला लेकरू होईस्तोवर बापानं तिच्या घरचं पाणी घ्यायचं न्हाई. नेम म्हणजे नेम."

पहिल्यांदा मला रागच आला. "का हो इवाई, आमचं पाणी बाटलेलं हाय काय?"

"पाणी चोख हाय तुमचं. पण बाप मी हाय ना."

लग्नाला चार वर्षं झाली, नेम चालू आहे. भाकरीही बांधून आणतात. बायको वारल्यापासून स्वतःच थापतात. त्या भाकरीचा आकार बघून वर्षा, म्हणजे आमची सून, तोंड फिरवून हसते.

माणिकराव जन्मभर डाळमिलच्या इंजनावर होते. तिथून एक खोड लागली. कशाचाही दम बघायचा. दम म्हणजे कंप्रेशन, इंजनात दाबल्या हवेचा जोर. कुकरची शिट्टी उशिरा झाली की, "दम कमी हाय." लग्नात क्लार्नेटवाल्याचा सूर घसरला की, "ह्याच्या रिंगा गेल्या." आमच्या पुढाऱ्यानं तासभर भाषण केलं तेव्हा माझ्या कानाला लागून म्हणाले, "आवाज लई, वढ न्हाई. हेडमधून हवा जाऊन राहिली." मी हसलो नाही. पण बरोबर होतं.

पलीकडच्या शेताला जायला मी एक जुनी मोटार घेतली. नावेच्या मागं लावायची, दोरी ओढून चालू करायची. दुसऱ्या वर्षी ती दमली. वीस वेळा दोरी ओढावी तेव्हा चालू व्हायची, आणि चालू झाली तरी म्हशीसारखी चालायची. मी प्लग बदलला, पेट्रोल बदललं, कार्बोरेटर धुतला. मी चौथी नापास आहे, पण मशीनचं मी कुणाला विचारत नाही. वर्षानं मला न सांगता बापाला फोन केला.

माणिकराव आले. प्लग काढला, भोकावर अंगठा दाबला. "वढा."

मी दोरी ओढली.

"अंगठा उडाया पाहिजे, इवाई. हितं नुसती फुंकर लागली." मग त्यांनी भोकातून चमचाभर तेल सोडलं. "आता वढा."

आता अंगठा टणकन उडाला.

"तेलानं दम वाढला, म्हणजे रिंगा. नसता वाढला तर हेड, वरचं झाकण."

"ते मला ठाऊक होतं," मी म्हणालो. नव्हतं.

मोटार उघडली. उन्हाळाभर पडून राहिल्यानं पिस्टनच्या रिंगा काजळीत चिकटून बसल्या होत्या. त्यांनी त्या डिझेलात भिजवल्या, मोडक्या रिंगेच्या तुकड्यानं खाचा खरवडल्या, नवी गॅसकेट घातली. दोन दिवस लागले. दोन्ही दिवस वर्षा शेजारी बसून पाने देत होती. "बाराचा दे गं." "दादा, तेराचा लागतोय तो." बाप-लेक एवढंच बोलायची, पण दोन दिवस बोलत होती.

मोटार एका झटक्यात चालू झाली. निघताना माणिकराव म्हणाले, "काई बिघडलं तर कळवा."

"आता काय बिघडतंय!" मी म्हणालो. त्यांचं तोंड उतरलं. मला वाटलं, उन्हानं.

महिन्यानं दम पुन्हा गेला. माणिकराव आले. तेल घातलं, फरक नाही. "हेड," ते म्हणाले. खोललं, बसवलं. पुढच्या महिन्यात परत हेड. त्याच्या पुढच्या महिन्यात परत. मी मोटारीच्या कंपनीला शिव्या दिल्या, पेट्रोलला दिल्या. माणिकरावांनी कुणाला दिल्या नाहीत.

यंदा कापलेल्या सोयाबीनची गंज पलीकडं पडलेली, वर आभाळ आलेलं, आणि मोटार दमली. लातूरची एसटी येईस्तोवर सगळं भिजलं असतं. म्हटलं, आपणच बघू. प्लग काढला, अंगठा लावला. फुंकर. तेल घातलं. तरी फुंकर. मग साबणाचं पाणी करून हेडच्या सांध्यावर ओतलं आणि दोरी ओढली. एकाच बाजूनं बुडबुडे आले. तिथले दोन बोल्ट नुसत्या बोटांनी फिरले. बाकीचे चार दगडासारखे घट्ट.

थरथरीनं सैल होतात ते सगळे होतात. मोजून दोन होत नाहीत. आणि मला आठवलं, दर वेळी शेवटचा पाना मारायच्या वक्ताला माणिकरावांना हात धुवायला साबण लागायचा आणि तो आणायला ते मलाच घरात पाठवायचे.

मी पाना मारला, दोन फेऱ्यांत सोयाबीन अलीकडं आणलं आणि मग फोन लावला.

"इवाई, बोल्ट कुणी सैल केले?"

"कंचे, ते दोन?" त्यांच्या तोंडून गेलं.

"त्या नावेत तुमची लेक बसती! मधी बंद पडली असती म्हंजे?"

"बंद पडत न्हाई ती," ते हळू म्हणाले. "नुसती दमती. आन वल्ही हायत नावेत. मी दर टायमाला बघूनच जातो."

"पण कशापायी?"

ते म्हणाले, "काम असल्याबिगर बाप लेकीच्या घरी कसा येईल, इवाई? लोक म्हणतील, पोरगी दिली आन मागंच आला. हितं दिवसभर कुणाशी बोलून राहू मी? भिंतीशी?"

मी फोन ठेवून दिला. वर्षा दारात उभी होती. तिनं किती ऐकलं ते मी विचारलं नाही. ती म्हणाली, "मामा, दादा येणार न्हाईत का आता?"

घरात मोडकं काय आहे ते मी शोधलं. फवारणीचा पंप चालू, कुकर चालू, पंखासुद्धा चालू. माणिकरावांनी काही शिल्लकच ठेवलं नव्हतं. मी परत फोन लावला.

"इवाई, सोमवारी या."

"बोल्ट तर तुम्हीच आवळले असतील. आता कशाला येऊ?"

उभ्या जन्मात हे मी कुणाला म्हटलं नव्हतं. पोरालाही नाही.

"मला मोटारीतलं काई कळत न्हाई," मी म्हणालो. "शिकवायला या."

"हाव?" आवाज एकदम बदलला. "येतो की. कितीक दिवसांत शिकाल?"

"माझं डोकं लई जड हाय, इवाई," मी म्हणालो. "वर्षं लागतील."