चौथं माणूस

घरच्यांची समजूत घालण्यात माझा हातखंडा आहे. (माझ्या घरचे सोडून.) कम्प्युटरमध्ये एम.टेक. करणाऱ्या मुलींना आमच्यासारख्या नोकरदार बायकांनी मार्गदर्शन करायचं, अशी हैदराबादच्या एका संस्थेची योजना आहे. तिथे मी, सुनयना, मेंटर आहे. माझ्या वाट्याला आली आदिलाबादजवळच्या भीमपूरची मयूरी. हुशार इतकी, की तिचा कोड वाचून मलाच शिकवणी लावावीशी वाटायची!

तिला बंगळूरला तीन महिन्यांची इंटर्नशिप मिळाली. होकार पोर्टलवर संध्याकाळी पाचच्या आत कळवायचा होता, आणि संक्रांतीला घरी गेलेल्या मयूरीला तिचे वडील, भगवंतराव, परवानगी देत नव्हते. मीही मूळची त्याच भागातली, मुधोळची. आपल्याच माणसांशी बोलायला वीस मिनिटं पुष्कळ झाली! मुदतीच्या दिवशी दुपारी दोनला मी भीमपुरात हजर.

"बसा मॅडम," भगवंतराव म्हणाले. "पन आमच्यात पोरीचा निर्णय चार मानसांत होते. मी हाव, देवाजीमामा हाय, शकुआत्या हाय. भाऊ बाबाराव कापूस घेऊन आदिलाबादले गेला. तो आला की बोलू."

"कधी येतील?"

"नंबर लागला की!"

बाजारात बाबारावांच्या पुढे म्हणे कापसाच्या सत्तर गाड्या होत्या. साडेतीनपर्यंत मी तिळाचे आठ लाडू खाल्ले. पावणेचारला भगवंतरावांनीच तोडगा काढला. "मॅडम, तुमीच व्हा चौथ्या!"

मी हरखलेच. चारातलं एक मत तर खिशात आलं!

शकुआत्यांनी तुरीच्या शेंगा सोलता सोलता सुरुवात केली. "तुमी बी हेच शिकल्या काय?"

"हेच! मयूरी अगदी माझ्यासारखी होणार बघा."

"मंग सांजच्याला घरी किती वाजता येता?"

खोटं कशाला बोलायचं? "नऊ. कधी दहा."

"सयपाक?"

"मागवते."

"रोज?"

"रविवारी नूडल्स करते."

आत्यांचा सोलणारा हात थांबला. आता देवाजीमामा सरसावले. "मुधोळले मायबापाकडं कवा गेल्त्या?"

"मागच्या... म्हणजे मागच्याच्या मागच्या दिवाळीला."

"झोप लागते काय?"

"गोळी घेतली की लागते."

"काऊन? दुःख काय हाय तुमाले?"

"दुःख नाही हो, कामाची डेडलाइन असते."

मामांना ते दुःखापेक्षा वाईट वाटलं. मयूरीची आई, वच्छलाबाई, आतून आल्या आणि माझ्या पाठीवरून हात फिरवून म्हणाल्या, "किती सुकली बाई!" माझं वजन एकाहत्तर किलो आहे.

पाचाला वीस कमी असताना भगवंतराव घसा खाकरून म्हणाले, "पाहा मॅडम, पोरगी हुशार हाय, आमाले समजते. पन तिले अशी नाई करायची." 'अशी' म्हणताना त्यांनी माझ्याकडे हात केला.

मला खरंच रडू आलं. त्या मुलीने इंटर्नशिपचा अर्ज अकरा वेळा लिहिला होता, आणि आता ती माझ्यापायी घरी बसणार होती!

तेवढ्यात मयूरी दारातून म्हणाली, "बाबा, मी मॅडमसारखी नाई होनार. येळेवर जेवीन, सनाले गावाले येईन, बिनगोळीची झोपीन. लेहून देऊ काय?"

माणसं एकमेकांकडे पाहू लागली.

"लेहून देते म्हन्ते तर मंग जाऊ द्या," शकुआत्या म्हणाल्या.

"हो, लेहून दे," भगवंतराव म्हणाले.

मयूरीने वहीच्या पानावर सुंदर अक्षरात लिहिलं: 'मी बंगळूरला जाईन, पण सुनयना मॅडमसारखी कधीही होणार नाही.' भगवंतरावांनी आणि मामांनी सही केली, आत्यांनी अंगठा दिला. मग पान माझ्यापुढे आलं. चारातली एक मी होते ना! पाचाला सात कमी होते. केली सही.

पाचाला दोन कमी असताना मयूरीचा होकार पोर्टलवर गेला. निघताना वच्छलाबाईंनी मला आठवडाभराच्या भाकरी बांधून दिल्या.

परवा संस्थेचा फॉर्म आला. 'विद्यार्थिनीच्या घरच्यांची परवानगी मिळवताना तुमचं स्वतःचं उदाहरण उपयोगी पडलं का?' मी 'अत्यंत' वर खूण केली. 'कसं ते सविस्तर लिहा' ही चौकट मात्र रिकामी ठेवली आहे.