तिसऱ्या रांगेतली डावी सीट

मोठी गाडी घ्यायची की लहान, यावर चष्मेवाल्यांच्या घरात तीन महिने झाले तरी एकमत होत नव्हतं.

चष्मेवाले म्हणजे बाजारातल्या चष्म्याच्या दुकानाचे मालक. दिवसभर गिऱ्हाइकांना अक्षरांची पाटी दाखवायची आणि भिंग बदलून "आता स्पष्ट दिसतंय की मघाशी?" असं विचारायचं, यात त्यांची वीस वर्षं गेली होती. त्यामुळे घरीही ते प्रत्येक गोष्टीचे दोनच पर्याय पुढे ठेवत आणि त्यातला एक मनात आधीच नक्की करून टाकत. या वेळी नक्की झाली होती ती लहान एसयूव्ही. पाच सीट, आटोपशीर बांधा आणि खिशालाही हलकी. इमारतीखालची पार्किंगची जागा त्यांनी टेप लावून मोजली होती. मोठी गाडी तिथे मावत होती, फक्त मावल्यावर दार पुरतं उघडत नव्हतं.

"आपण चौघं, सीट पाच," ते म्हणत. "वर एक रिकामी राहतेय."

"ती रिकामी सीट मधली आहे," बायको म्हणे. ती शाळेत गणित शिकवायची आणि अर्धवट मांडलेलं उदाहरण तिला खपत नसे. "आईचे गुडघे दुखतात. तिला पाय पसरायला जागा हवी. मोठी घ्या."

आई, म्हणजे चष्मेवाल्यांच्या सासूबाई, त्यांच्याकडेच राहत. त्यांची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली होती. न दिसणाऱ्या माणसांशी अदबीने बोलायची त्यांना इतकी सवय की समोर बसलेल्याशी बोलतानाही त्या किंचित दुसरीकडे पाहत. गाडीच्या भांडणात त्या पडत नसत. दहा वर्षांच्या नातीला घेऊन त्या बाल्कनीत जाऊन बसत.

शेवटी एका ढगाळ दुपारी चौघं टॅक्सी करून शोरूमला गेले. एकाच शोरूममध्ये दोन्ही गाड्या होत्या. दोन्ही चालवून बघायच्या आणि आजच काय तो सोक्षमोक्ष लावायचा, असं ठरलं होतं.

आधी मोठी. चष्मेवाले चालवायला बसले, शेजारी टाय लावलेला सेल्समन. मधल्या रांगेत बायको आणि सासूबाई. मुलगी हट्टाने तिसऱ्या रांगेत, उजवीकडे. शोरूमच्या मागून एक रुंद, ओसाड रस्ता बंद पडलेल्या कारखान्याच्या भिंतीलगत जात होता. गाडी त्या रस्त्याला लागली आणि टिंग टिंग असा आवाज सुरू झाला.

"कोणाचा तरी बेल्ट राहिलाय," सेल्समन हसून म्हणाला. समोरच्या स्क्रीनवर सात सीटचं चित्र होतं. त्यात तिसऱ्या रांगेतली डावी सीट लाल दिसत होती. "बेबी, तिकडे बॅग ठेवलीयस का?"

"नाही," मुलगी म्हणाली. "इथे काहीच नाहीये. सीट जराशी दबलीय, तेवढंच."

चष्मेवाल्यांनी गाडी बाजूला घेतली. सेल्समन उतरला, मागे गेला, सीटवर हात ठेवून आला. परतला तेव्हा तो हात त्याने खिशात घातला होता.

"गार आहे," तो म्हणाला.

"एसी असेल."

"मागचा एसी चालूच केलेला नाहीये, सर."

इंजिन बंद केलं, पुन्हा चालू केलं. टिंग टिंग थांबेना. रस्त्यावर दुसरं चिटपाखरू नव्हतं. तो आवाज गाडीत फारच मोठा वाटायला लागला. तेवढ्यात सासूबाई मागे वळल्या आणि रिकाम्या सीटकडे न बघता, त्यांच्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "माफ करा हं. तेवढा बेल्ट लावून घेता का? आम्हाला पुढे जायचंय."

क्षणभर काहीच झालं नाही. मग पट्टा ओढला जाण्याचा सर्रर्र आवाज आला. मध्येच थांबला, जणू ओढणाऱ्याला सवय नव्हती. पुन्हा आला. मग क्लिक.

स्क्रीनवरची लाल सीट हिरवी झाली.

"लागला," मुलगी म्हणाली.

सेल्समनच्या तोंडचं पाणी पळालं होतं, पण शिकवलेलं अंगात मुरलेलं असतं. बारीक आवाजात तो सांगत राहिला की तिसरी रांग दुमडली तर मागे भरपूर सामान मावतं. आणि मग स्वतःच म्हणाला, "अर्थात, कोणी बसलेलं नसेल तर."

"आई," बायको दबक्या आवाजात म्हणाली, "बाबा तर नसतील?"

"छे गं. तुझ्या बाबांनी माझं एकदा सांगून ऐकलंय कधी? हे कोणीतरी सुस्वभावी दिसतायत."

शोरूमला परतल्यावर सगळे भराभरा उतरले. सासूबाईंनी मात्र दार धरून ठेवलं आणि "या, उतरा सावकाश," असं म्हणून मगच ते लावलं.

चष्मेवाल्यांना आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. बायकोला कोपऱ्यात घेऊन ते म्हणाले, "मोठी बाद झाली. जिच्यात आधीच कोणी बसलंय, ती गाडी आपल्याला नको. लहान फायनल."

"चालवून तर बघा."

लहान गाडीची किल्ली देताना सेल्समन जागचा हलला नाही. "तुम्ही घरचीच माणसं जाऊन या, सर," तो म्हणाला. "मोकळेपणाने बघता येईल." त्यामुळे बायको पुढे बसली आणि मागे सासूबाई व मुलगी. मधली सीट रिकामी राहिली.

गाडी फाटकातून बाहेर पडली आणि टिंग टिंग सुरू झालं. लाल सीट मागची, मधली.

"हा कंपनीचा दोष आहे," चष्मेवाले म्हणाले.

"दोन वेगळ्या गाड्यांत एकच दोष?" बायको म्हणाली. "आणि तोही आपण बसलो की? मागे घ्या गाडी."

त्यांनी गाडी फिरवली. शोरूमच्या आवारात मोठी गाडी तशीच उभी होती. बायकोने सेल्समनला ती चालू करून स्क्रीन बघायला लावलं. त्याने एक पाय बाहेर ठेवूनच ते काम केलं. मोठ्या गाडीतल्या मागच्या सगळ्या सीट आता पांढऱ्या, म्हणजे रिकाम्या दिसत होत्या.

"म्हणजे गाडीचं काही नाही," बायको परत येऊन बसत म्हणाली. "ते आपल्यासोबत या गाडीत आलेत. आईने बोलावलं ना."

सासूबाईंनी शेजारी वळून बेल्टची विनंती केली. सर्रर्र, क्लिक. टिंग टिंग थांबलं आणि गाडी पुन्हा त्याच ओसाड रस्त्याला लागली.

"ठीक आहे," चष्मेवाले हट्टाने म्हणाले. "पाच माणसं, पाच सीट. सगळे बसले की नाही?"

"बाबा, माझा दंड गारठलाय," मुलगी म्हणाली.

"मी सरकलेय गं, पण जागाच नाही," सासूबाई म्हणाल्या. "यांचे गुडघे माझ्या गुडघ्यांना लागतायत. चांगले उंच आहेत. बिचारे अंग चोरून बसलेत."

चष्मेवाल्यांनी आरशात पाहिलं. आरशात दोघीच होत्या, एक डाव्या दाराला चिकटून, एक उजव्या, आणि मध्ये एका माणसाएवढी जागा. ते बघत असतानाच आरशाच्या काचेवर वाफ धरली. चष्म्याची काच पुसण्याआधी तिच्यावर कोणी हळूच फुंकर घालावी, तशी ती पसरली आणि विरून गेली. कोणीतरी सुस्कारा सोडला होता. गैरसोय होत असूनही तक्रार न करणाऱ्या माणसाचा सुस्कारा.

आणि चष्मेवाल्यांनी स्वतःलाच बोलताना ऐकलं, "नाही, असं नको. त्यांना नीट बसता आलं पाहिजे."

मोठ्या गाडीच्या कागदांवर त्यांनी त्याच दुपारी सह्या केल्या. सेल्समनने न विचारता सीटची कव्हरं भेट दिली. घरी जायला टॅक्सी बोलावली. टॅक्सीत चौघांपुरतीच जागा होती.

दहा दिवसांनी गाडी दारात आली. पार्किंगमध्ये ती बसली आणि चष्मेवाले पोट आत घेऊन, तिरके होऊन बाहेर पडले, पण त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. संध्याकाळी सगळे फिरायला निघाले. मुलगी तिसऱ्या रांगेत उजवीकडे बसली. गाडी सुरू झाली. सगळे स्क्रीनकडे बघत राहिले. डावी सीट पांढरी होती. वळण गेलं, चौक गेला, पूल गेला. ना टिंग, ना टिंग.

"मस्त शांत गाडी आहे," चष्मेवाले म्हणाले. थोड्या वेळाने तेच म्हणाले, "एकदा हाक मारून बघता का?"

सासूबाईंनी हाक मारली. काही झालं नाही. "रागावले असतील," त्या म्हणाल्या. "टॅक्सीत आपण त्यांना साधं या म्हटलं नाही."

गाडीतल्या त्या रिकाम्या कोपऱ्यात आता ज्याची भीती वाटावी असं काही नव्हतं, आणि त्यामुळेच तिकडे बघवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुकानात सेल्समनचा फोन आला. त्याचा आवाज खोल गेला होता.

"सर, तुमचे ते इथेच आहेत. कुठलीही गाडी टेस्टला काढली की मागे येऊन बसतात. काल एक गिऱ्हाईक चालत्या गाडीतून उतरलं. साहेब म्हणतायत, ज्यांचे आहेत त्यांना बोलवा."

"आमचे म्हणजे, तसे आमचे कोणी नाहीत ते," चष्मेवाले म्हणाले. मग गिऱ्हाइकासमोरची पाटी तशीच ठेवून त्यांनी घरी फोन लावला.

शोरूमच्या फाटकात सेल्समन वाटच बघत होता. या वेळी मुलगी मधल्या रांगेत आई आणि आजीच्या मध्ये बसली होती. मागची रांग पाहुण्यांसाठी मोकळी ठेवली होती. चष्मेवाले खाली उतरले आणि त्यांनी स्वतः दार उघडून धरलं.

"न्यायला आलोय," सासूबाई आतून म्हणाल्या. "चुकलंच आमचं. चला."

वारा नव्हता, तरी चष्मेवाल्यांच्या सदऱ्याची बाही हलली. गाडी डावीकडे जराशी खचली. मागून सर्रर्र आवाज आला आणि सांगायच्या आधीच क्लिक झालं. सेल्समनने एक कागद पुढे केला. त्यावर लिहिलं होतं, 'एक प्रवासी ताब्यात मिळाला.' चष्मेवाल्यांनी सही केली.

ते फाटकाबाहेर पडले आणि टिंग टिंग सुरू झालं.

डावी सीट हिरवी होती. लाल झाली होती तिच्या शेजारची उजवी.

"सहा," बायको म्हणाली.

चष्मेवाल्यांनी गाडी थांबवली. फाटक मागे नुकतंच घाईघाईने बंद झालं होतं आणि आतून कुलूप लागल्याचा आवाज आला. सासूबाई मान कलती करून, पूर्वी लाइनवर ऐकायच्या तसं, जरा वेळ ऐकत राहिल्या.

"दहा दिवस एकटेच होते," त्या म्हणाल्या. "झाली असेल कोणाशी ओळख."

"त्यांनाही बेल्ट लावायला सांगा," चष्मेवाले म्हणाले.

क्लिक झालं. गाडी कारखान्याच्या भिंतीलगत हळूहळू चालू लागली. थोड्या वेळाने मागून अगदी बारीक कुजबुज ऐकू यायला लागली, कोणीतरी कोणाला खिडकीबाहेरचं काहीतरी दाखवत असल्यासारखी. मुलीने आजीची शाल अंगावर ओढून घेतली. चष्मेवाल्यांनी हात पुढे करून एसी बंद केला. आता त्याची गरज नव्हती.