बिनमालकीची धून

गाणं मी निवडतो, असं वील्फर म्हणाला, तिथेच खरं तर कोणीतरी त्याला आवरायला हवं होतं. पण घरात बायको येसेनियाखेरीज कोणी नव्हतं, आणि ती केस वाळवत होती, त्यामुळे तिला नीट ऐकू आलं नाही.

येसेनियाचं काम सरळ होतं. संध्याकाळी झोपायच्या खोलीत दोन दिवे लावायचे, कॅमेरा सुरू करायचा आणि देशोदेशीच्या पुरुषांशी गप्पा मारता मारता अंगावरचे कपडे कमी करत जायचे. पेरेरा शहरात याचं कोणाला फारसं नवल नाही, तरी गल्लीत मात्र ‘येसेनिया परदेशी लोकांना स्पॅनिश शिकवते’ असं सांगून ठेवलं होतं.

वील्फर या उद्योगाचा तांत्रिक संचालक होता. (हे पद त्यानं स्वतःच स्वतःला दिलं होतं. आधी तो बुटांच्या दुकानात होता, ते बंद पडलं.) चादरी बदलणं, दिव्यांच्या वायरी पायात येणार नाहीत अशा सरकवणं आणि स्वयंपाक करणं ही संचालकाची मुख्य कामं. त्याच्या कारकिर्दीतली एकमेव मोठी खरेदी म्हणजे मायक्रोफोन. “शेजारच्या खोलीत मुंगी शिंकली तरी ऐकू येईल,” असं दुकानदार म्हणाला आणि वील्फरनं तो लगेच घेतला. मुंगी ऐकून करायचंय काय, हे विचारायचं राहून गेलं.

झालं होतं असं, की ज्या परदेशी साइटवर येसेनिया बसायची, तिच्याकडून दुसरी ताकीद आली होती. तुमच्या खोलीत वाजणारं गाणं दुसऱ्याच्या मालकीचं आहे. तिसऱ्यांदा सापडलं तर खातं कायमचं बंद. येसेनियाचा चेहरा पडला. सहा वर्षं लावून तिनं माणसं जमवली होती. टेक्ससचा ट्रकवाला होता, नॉर्वेचा दातांचा डॉक्टर होता, तिचा गुडघा दुखतो हे लक्षात ठेवणारे लोक होते. खातं गेलं की ते सगळे गेले, आणि नव्यानं सुरुवात करायचं तिचं वय राहिलं नव्हतं, हे तीच म्हणायची.

“पण पहिल्या ताकिदीनंतर मी बाजारातली गाणी बंदच केली,” ती म्हणाली. “साइटवाल्यांनीच फुकट दिलेली वाजवते.”

“फुकट देतात तेच चोरीचं असतं,” वील्फर म्हणाला.

“इथे खाली लिहिलंय, बटण दाबलं की कुठला तुकडा पकडला ते ऐकवतात.”

“दाबू नकोस. त्यातून व्हायरस येतो.” (वील्फरनं संगणकाचा एक दिवसाचा वर्ग केला होता. जेवणाच्या सुट्टीनंतर तो परत गेला नव्हता.)

“मग मी गाण्याशिवायच बसते.”

“आणि समोरचा कोंबडा? गॅसवाल्याचा भोंगा? ते ऐकवणार त्या डॉक्टरला? ते काही नाही. गाणं मी निवडतो.”

एवढ्यात त्याचा फोन वाजला. आई होती. दुपारी एकदा आणि संध्याकाळी एकदा ती फोन करून जेवलास का म्हणून विचारायची. वील्फर चाळिशी ओलांडलेला होता, पण त्याला तिनं तसं कधी जाणवू दिलं नव्हतं.

संचालकानं कामाला सुरुवात केली. पहिल्या दिवशी त्यानं नदीचा खळखळाट लावला. नदीला मालक नसतो. पण टेक्ससचा ट्रकवाला घडीघडी ‘आलोच’ म्हणून उठून जायला लागला, आणि आला की गप्पांचा धागा तुटलेला असायचा. दुसऱ्या दिवशी चुलतभावाकडून कीबोर्डवर काहीतरी वाजवून आणलं. ते ऐकून डॉक्टरनं विचारलं की तू विमानतळावर आहेस का.

मग डिसेंबर मध्यावर आला, घरोघरी ख्रिस्तजन्माच्या गोठ्याचे देखावे मांडले गेले, आणि वील्फरला एकदम सुचलं.

“नाताळची गाणी,” तो म्हणाला. “आजीच्या आजीच्या वेळची. ज्यानं लिहिली तो स्वर्गात, आणि ज्याच्यावर लिहिली तो काही तक्रार करणार नाही.”

“माझ्या खोलीत? बाळ येशूची गाणी? तू काय डोक्यावर पडलायस?”

“शब्द नाहीत गं. नुसती चाल.”

“चाल जुनी असेल, पण वाजवणारा तर जिवंत असेल ना? तो मागेल हक्क.”

हा मुद्दा बिनतोड होता. वील्फरनं पलंगाखालच्या खोक्यातून शाळेतली प्लास्टिकची बासरी काढली. वाजवणारा म्हणजे तो स्वतःच. तो स्वतःवर दावा लावणार नव्हता. त्यानं सकाळभर सराव केला, समोरचा कोंबडा गप्प झाला, आणि दुपारी धून टॅबमध्ये भरून झाली. आता ती ऐकू कशी जाणार? बासरीतला भाव मायक्रोफोनपर्यंत पोचायला हवा, म्हणून त्यानं पार्ट्यांना लावतात तो कमरेएवढा स्पीकर मेहुण्याकडून आणला. तो झोपायच्या खोलीत मावेना, म्हणून बाहेरच्या खोलीत ठेवला. उकडत होतं, म्हणून खिडकी उघडली. प्रत्येक गोष्टीला चोख कारण होतं.

संध्याकाळी येसेनिया लाल टोपी घालून कॅमेऱ्यासमोर बसली. बाहेर स्पीकरवर बासरी सुरू झाली. वील्फर स्वयंपाकघरात चीजचे गोळे, म्हणजे बुन्युएलो, तळत होता. मध्येच आईचा फोन येऊन गेला. सगळं कसं सुरळीत चाललं होतं, आणि दारावर थाप पडली.

दारात दोन्या एदिल्मा, म्हणजे एदिल्माबाई, उभ्या होत्या. त्या खालच्या मजल्यावर राहायच्या आणि गल्लीतलं पान त्यांना विचारल्याशिवाय हलत नसे. त्यांच्या मागे वीसेक माणसं, प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकची खुर्ची, पोरांच्या हातात खुळखुळे आणि पातेल्यांची झाकणं. नाताळच्या आधीच्या नऊ संध्याकाळी गल्लीतले लोक रोज एकाच्या घरी जमून प्रार्थना करतात आणि गातात. आज पहिली संध्याकाळ, हे वील्फर विसरला होता.

“वील्फर बाळा,” दोन्या एदिल्मांनी त्याचा गालगुच्चा घेतला, “दरवर्षी काहीतरी सबब सांगतोस. आज स्पीकर लावून, खिडकी उघडून बोलावलंस, बरं वाटलं. चांभाराकडे जायचं होतं, पण त्याच्या दाराला कुलूप. देवानंच तुझ्याकडे वळवलं.”

“अहो, पण ते मी...”

“वास तर छान सुटलाय. गोठा कुठे मांडलायस? नाही मांडलास? बरं, असू दे, माझ्याकडचा आणायला सांगते. येसेनिया कुठेय?”

“ती शिकवतेय. स्पॅनिश. दार बंद करून.”

“मग जरा मोठ्यानं म्हणू आपण. ऐकून त्यांची भाषा सुधारेल.”

खुर्च्या लागल्या. बासरी बंद करून कोणीतरी स्पीकरवर गोठा मांडला. प्रार्थना सुरू झाली आणि तिच्यामागून गाणी. खुळखुळे, झाकणं, आणि तीन वेगवेगळ्या पट्ट्यांत वीस गळे. मध्ये होती एक पातळ लाकडी भिंत आणि तिच्यापलीकडे मुंगीची शिंक ऐकणारा मायक्रोफोन. वील्फरनं ओठांवर बोट ठेवून पाहिलं. लोकांना वाटलं, हळू आवाजातलं कडवं आहे. त्यांनी ते हळू म्हटलं आणि पुढचं दुप्पट जोरानं.

मग खोलीचं दार उघडलं. येसेनिया बाहेर आली. अंगावर गळ्यापर्यंत गुंडाळलेला टॉवेलचा गाऊन, डोक्यावर लाल टोपी, हातात टॅब. गाणं अर्ध्यावर थांबलं.

“थांबू नका,” ती म्हणाली. “हात जोडते, थांबू नका. मी आत नुसती बसलेय. गाऊन घातला, तरी कोणी जात नाहीये. उलट येतायत. टेक्ससचा ट्रकवाला रडतोय. त्याची आई ख्रिसमसला घरी असंच बेसूर गायची म्हणे. तो म्हणतोय, परत एकदा म्हणा.”

वील्फर घाईघाईनं म्हणाला, “तिचे विद्यार्थी आहेत.”

“गप रे,” दोन्या एदिल्मा म्हणाल्या. “तुमच्या जांभळ्या दिव्याचा उजेड माझ्या ओट्यावर पडतो. माझ्या दोन भाच्या हेच स्पॅनिश शिकवतात. पोरी, तुझ्या त्या ट्रकवाल्याला कुठलं गाणं हवंय?”

येसेनियाला हसू फुटलं. ती सांगणार इतक्यात टॅब वाजला. तिनं वाचलं आणि खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली.

“तिसरी ताकीद,” ती म्हणाली. “खातं बंद. उद्यापर्यंत खुलासा द्या, नाहीतर कायमचं.” तिचे डोळे भरून आले. “सहा वर्षं रे, वील्फर.”

“शक्यच नाही,” तो म्हणाला. “धून बिनमालकीची. बासरी माझी. फुंकर माझी. मी आईची शपथ घेऊन सांगतो.”

“मग पकडलंय काय ते ऐका ना,” दोन्या एदिल्मा म्हणाल्या. “ते काय बटण दिसतंय.”

“त्यातून व्हायरस...”

येसेनियानं बटण दाबलं. टॅब अजून स्पीकरला बिनतारी जोडलेलाच होता. गोठ्यातली मेंढरं थरथरली आणि खोलीभर अकॉर्डियन दुमदुमलं. वील्फरच्या लाडक्या गायकाचं ते गाजलेलं गाणं होतं. वील्फर सवयीनं खिसा चाचपायला लागला. मग गाणं तुटलं आणि वील्फरचाच आवाज आला, स्वच्छ, एखाद्या रेडिओवाल्यासारखा:

“हो आई. जेवतो ना आता. नाही, खोकला नाही. हो, आतून बनियन घातलंय.”

येसेनियानं आधीच्या ताकिदीचं बटण शोधून दाबलं. तेच अकॉर्डियन, तोच आवाज: “हो आई. झालं. सकाळीच झालं, साफ झालं.”

समोरच्या घरातली बाई खुर्चीवरून घसरली. बाकीचे तिच्यापाठोपाठ. येसेनिया तेवढी हसली नाही. ती खुलासा लिहायला बसली. त्यात एक प्रश्न होता: आवाजाचं मूळ दूर करण्यासाठी तुम्ही काय केलंत? तिनं लिहिलं, ‘नवऱ्याला घराबाहेर काढलं.’ आणि खोटं लिहायची तिला सवय नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी वील्फर खाली फुटपाथवर खुर्ची टाकून बसायला लागला, खिशात फोन आणि हातात बासरी. तिसऱ्या दिवशी वरची खिडकी उघडली.

“वील्फर, उत्तर आलं. खातं उघडलं,” येसेनिया म्हणाली, आणि तिच्या आवाजात इतका आनंद होता की वील्फरचे सगळे अपराध त्याला स्वतःला तरी माफ झाले.

“आणि माझ्या बासरीचं काय? ती चालेल म्हणाले का?”

येसेनिया जराशी घुटमळली. “लिहिलंय त्याबद्दलही. पार्श्वभूमीला जो दुसरा आवाज होता, तो त्यांनी तपासला. तो संगीतात मोडत नाही, त्यामुळे हक्काचा प्रश्नच येत नाही म्हणे.”

“योग्य तेच लिहिलंय,” दोन्या एदिल्मा आपल्या खिडकीतून म्हणाल्या.

वील्फर काहीतरी सणसणीत उत्तर देणार होता, पण खिशात अकॉर्डियन सुरू झालं. गल्लीतल्या पोरांनी एका सुरात “हो आई” म्हटलं. त्यानं पाठ फिरवून फोन कानाला लावला. आई काळजीत होती. काल त्यानं फोन उचलला तेव्हा आधी कसलातरी आवाज आला होता, रात्रभर तिला झोप लागली नव्हती.

“नाही आई,” वील्फर म्हणाला, “पोट बरं आहे. ती बासरी होती.”