बारा किलो उष्टं

जर्मनीतल्या शाळेला तक्ता पाठवायचा होता आणि अविनाश सरांचं पेन एकाच रकान्यावर अडलं होतं. शाश्वत विकासाच्या शिक्षणासाठी पिंपळगाव राजाच्या शाळेची तिकडच्या एका शाळेशी जोडी जमली होती. पहिला उपक्रम सोपा होता. दोन्हीकडच्या मुलांनी आठवडाभर दुपारच्या जेवणातलं उष्टं मोजायचं. तिकडं चौदा किलो भरलं. इकडं मात्र शाळेच्या स्वयंपाकीण सिंधूताईंची खिचडी! पोरं ताट बोटांनी पुसून खायची. उष्ट्याचं घमेलं शाळेचे सहाही दिवस कोरडंठाक राहिलं.

"मंग शून्य लिवा न सर," इंग्रजीच्या समता मॅडम म्हणाल्या.

"शून्य? अठरा वर्षं झाली मॅडम नोकरीले. शून्य लिवलं की वरचे म्हणतात, कामच नाही केलं. मंग देत बसा खुलासा!"

मॅडम वर्गावर गेल्या आणि सरांनी बारा लिहून तक्ता धाडून दिला. पाहुण्यांच्या पुढं जाऊ नये म्हणून दोन किलो कमी. काय तो शहाणपणा!

गुरुवारी उत्तर आलं. इकडच्या मुलांना जेवण आवडत नाही हे वाचून जर्मन मुलांना फार वाईट वाटलं होतं. उद्या त्यांची स्वयंपाकीण व्हिडिओ कॉलवर सिंधूताईंना चवदार खिचडी शिकवणार होती. दुपारपर्यंत गावभर बोभाटा झाला, की सिंधूची खिचडी लेकरं उकिरड्यावर फेकतात.

ताईंनी पळी खाली ठेवली. "माह्या हातचं बारा किलो फेकलं? कोण्या लेकरानं? आणा त्याले माह्यासमोर! पंधरा वर्सं चुलीपाशी घातली मी." त्यांनी पदराला हात पुसले. "सोमवारपासून दुसरी बाई पाहा."

सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

शुक्रवारी पडद्यावर तिकडच्या शिक्षिका आणि पांढरा एप्रन घातलेली स्वयंपाकीण आली. सर कसेबसे उभे राहिले. "मॅडम, सांगा त्यायले. उष्टं शून्य होतं. बारा मीच लिवले, मनानं. ताईचा काही दोष नाही."

समता मॅडमनी सांगितलं. मग शिक्षिका हळू आवाजात काहीतरी बोलल्या.

"काय म्हणतात?"

"म्हणतात, सोताच्या चौदा किलोची त्यायच्या पोरायले लय लाज वाटून राह्यली होती. तुमचे बारा पाहून जरा धीर आला होता."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं सरांना झालं.

सिंधूताईंनी मात्र पदर खोचला. "ते राहू द्या. त्या बाईले इचारा, फोडणीत काय काय टाकते म्हणा. चौदा किलो उरतेच कसं?"

पुढं अर्धा तास ताई सांगत होत्या आणि पलीकडची बाई वहीत उतरवून घेत होती. कॉल संपताच सर दाराकडं सटकले.

"थांबा सर. बसा जेवाले." ताईंनी ताटात खिचडीचा ढीग वाढला, वर आणखी दोन पळ्या ओतल्या आणि समोर मांडी घालून बसल्या. "एक शीत जरी टाकलं, तं जर्मनीले कळवतो मी."

सरांनी मान खाली घालून पहिला घास उचलला.