अद्भुत पुस्तके निर्मूलन उपसमिती, नाचणगाव

राष्ट्राची उभारणी सत्यावर होते, आणि सत्य हे साधारणपणे कंटाळवाणे असते. म्हणून १९५३ साली नाचणगावातल्या आमच्या वाचनालयाने राक्षस, पऱ्या आणि उडते घोडे यांच्याविरुद्ध एक उपसमिती नेमली. अध्यक्ष, निवृत्त पोस्टमास्तर अण्णाजी. चिटणीस मी. माझी निवड गुणांवर झाली होती. मी एक वास्तववादी कादंबरी लिहिली होती आणि तिच्यात पहिल्या पानापासून शेवटपर्यंत काहीही घडत नव्हते. (ती माझ्या पत्नीने वाचायला घेतली. तेव्हापासून तिला झोप न येण्याची तक्रार राहिली नाही.)

उपसमितीने कपाटातली सगळी अद्भुत पुस्तके जप्त केली. न वाचता दोषी ठरवणे अन्यायाचे, म्हणून सभासदांनी ती घरी नेली. अण्णाजींनी तर एकच पुस्तक पुन्हा पुन्हा तपासले. राक्षसाचा जीव नेमका कुठे ठेवला आहे, याबद्दल त्यांचे समाधान होत नव्हते.

कपाटात खताच्या खड्ड्यांवरची माहितीपत्रके उरली. हजेरी शेकडा ब्याण्णवने घटली. उरलेले शेकडा आठ म्हणजे मी.

अशात एका संध्याकाळी धुरपताबाई आली. ती पुलगावला जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापसावर कामाला जाई आणि माझ्या प्रौढ साक्षरता वर्गात बसे. त्या वर्गाच्या पुस्तकात ‘गाय दूध देते’ असे छापले होते. ही बातमी सगळ्यांना आधीच असल्याने वर्ग पुढे सरकत नव्हता. धुरपताबाई मात्र कपाटातले राजकन्येचे पुस्तक घेऊन, अक्षराखाली बोट धरून वाचत सुटली होती. राक्षसाने राजकन्येला काचेच्या विहिरीत कोंडले, तिथवर ती पोचली आणि पुस्तक जप्त झाले.

“गुरुजी, ते पोरगी अजून विहिरीतच हाये का?”

काचेची विहीर वास्तवात नसते, हे मी तिला समजावले.

“मले माहीत हाये. मी इचारून राह्यली, ते निघाली का नाई?”

मी अण्णाजींकडून पुस्तक आणले. शेवटची पाने नव्हती. ती त्यांच्या बकरीने तपासली होती.

साहित्यिक या नात्याने मी शेवट लिहून दिला. राजकन्या तहसिलीत अर्ज करते. विहीर दुसऱ्या तालुक्यात मोडते, असे उत्तर येते. हळूहळू तिला विहिरीची सवय होते. धुरपताबाईने पायरीवर बसून सगळे वाचले. माझे लिखाण शेवटपर्यंत वाचणारी ती पहिलीच.

“हे तुमी लिहिलं?”

“हो.”

“असं तं आमच्या घरी बी होते. याच्यासाठी मी अक्षरं कायले शिकली?” मग ती हळूच म्हणाली, “दिवसभर नाकातोंडात कापूस जाते, गुरुजी. त्या पोरीले बाहेर काढा ना.”

यावर माझ्यापाशी वास्तववादाचे चांगले सडेतोड उत्तर होते. ते मी गिळले आणि मुकाट्याने उडता घोडा लिहिला. (अण्णाजींचा घोड्याला तात्त्विक विरोध होता. पण असलाच तर तो पांढरा असावा, असे त्यांनी सुचवले.)

धुरपताबाईने तेही वाचले. “घोडा ठीक हाये. पण ते पोरगी सोता काहीच नाई करत? आणा तो टाक इकडे.”

आणि वाकड्यातिकड्या अक्षरांत तिनेच लिहिले: पोरीने नखाने काचेवर आपले नाव कोरले. शेवटचे अक्षर पुरे झाले अन् काच फुटली.

पुढच्या बाजाराच्या दिवशी तिने ते वाचनालयात मोठ्याने वाचून दाखवले. जिनातल्या बायका खिडकीबाहेरपर्यंत उभ्या होत्या. काच फुटली तेव्हा तानाबाई नावाची म्हातारी रडली, आणि “पुन्हा फोड वं!” म्हणून ओरडली. धुरपताबाईने पुन्हा फोडली.

ते पाहून अण्णाजी उभे राहिले. आमची चूक झाली, असे त्यांनी सर्वांसमक्ष सांगितले, पुस्तके कपाटात परत लावली आणि उपसमिती तिथल्या तिथे बरखास्त केली.

वाचकहो, उडत्या घोड्याला तुम्ही हसलात. काचेच्या विहिरीला तर मुळीच फसला नाहीत. पण एका समितीने आपली चूक कबूल केली आणि स्वतःला बरखास्त केले, हे मात्र तुम्ही मान डोलावत वाचलेत.