कुलूपवाले भासरे

"थांबा! थांबा ना!" मी वरडली. पन ड्रॉपर माह्या पोरीच्या, चिनूच्या तोंडात गेलाच होता. तिनं तापाचं औषध गटकन गिळलं. तेच औषध मी दोन मिनिटाआधी तिले पाजलं होतं. पाजनारे होते माहे भासरे, म्हंजे माह्या नवऱ्याचे मोठे भाऊ. लगन होऊन चार वर्सं झाले, त्यायच्यासंगं माह्या तोंडातून निंघालेला हा पहिला शब्द.

आमच्या घरी सून भासऱ्यासंगं बोलत नाही. पदर घ्याचा, बाजूनं निंघून जाचं. काही सांगाचं असलं त सासूबाईच्या हातून, नाही त पोरीच्या. "चिनू, सांग आईले, चहात साखर नाही," असं भासरे म्हनतेत. चिनू एका वर्साची. तिले 'बुबू' सोडून काही येत नाही.

भासरे खोलीत बसून कॉम्प्युटरचं काम करतेत. लगन केलं नाही. कॉम्प्युटरच्या पोटात अगदी आत कर्नेल म्हनून असते, सगळ्या कामाचा मुकादम. त्यातल्या रेस नावाच्या चुका हे दुरुस्त करतेत. रेस म्हंजे काय, ते त्यायनं सासूबाईले सांगतलं, मी पोळ्या लाटता लाटता आयकलं.

"माय, तू पाह्यलं, भाजीत मीठ नाही. सुनेनंबी पाह्यलं, मीठ नाही. तू डब्बा आनाले गेली, तेवढ्यात तिनं टाकलं. तू आली आन् पुन्हा टाकलं. दोघीबी बरोबर, पन भाजी खारट."

"मंग तिनं मले सांगाले नाही पाहिजे?" सासूबाईनं माह्याकडं पाहून म्हनलं.

"म्हनूनच मी कुलूप लावतो, माय. एक आत असला का दुसऱ्यानं बाहेर थांबाचं. आधी कुलूप, मंग काम."

हे कुलूप मंग घरात आलं. न्हानीपाशी पितळेचा लोटा ठेवला. ज्याच्या हाती लोटा, त्यानंच आत जाचं. एक दिवस माह्या हातात लोटा, सासूबाईच्या हातात बादली. मी बादलीसाठी उभी, त्या लोट्यासाठी.

"तू दे वं आधी."

"तुमीच द्या जी."

आमी भांडून राहिलो आन् भासरे खोलीतून धावत येऊन टाळ्या वाजवून राहिले. "हेच, माय! दोघं एकमेकासाठी अडून बसले, हेच मले सहा दिवसापासून सापडत नव्हतं!" आन् वापस खोलीत. आंघोळ कोनाचीच झाली नाही.

कधी कधी महिनाभर एकाच चुकीमागं राहतेत. ते चूक लाखात एकदा येते म्हने, आन् पाहाले बसलं का येतच नाही. "चिनूवानी आहे. घरी रडते, डॉक्टरपुढं हासते." त्यायची दुरुस्ती दुसऱ्या देशातले लोकं तपासतेत. एक तर तीनदा वापस आली. त्या दिवशी चिनूले मांडीवर घेऊन सगळी वाचून दाखवली. चिनूनं त्यायचा चष्मा ओढला. "बरोबर आहे तुहं," म्हने, "पहिल्या ओळीतच चुकलो."

चिनूले ताप आला त त्यायनं भिंतीवर कागद चिकटवला. औषध पाजलं का टिक कराची, दुसऱ्यानं टिक पाहूनच पाजाचं. मी पाह्यलं, टिक नव्हती, पाजलं. पेन चालेना म्हनून दुसरा आनाले आत गेली. तेवढ्यात भासरे आले, टिक नव्हती, त्यायनं पाजलं. सासूबाई बजारात, नवरा कामावर. "औषध देल्लं का?" एवढं इचाराले घरात कोनी नव्हतं. आमी दोघं होतो, पन आमी बोलत नाही.

"देल्लं होतं?" त्यायनं इचारलं. मी 'हो' म्हनून मान हालवली. ते पांढरे फक पडले. चिनूले उचललं, बाटली खिशात टाकली आन् दवाखान्याकडं निंघाले, पायात चप्पल नाही. मी मागं. मी सातवीवरी शिकली. बाटलीवरचं नाव वाचता येते, पन जास्त झालं त लेकराचं काय होते, ते कोनाले इचारू?

"वजन किती?" डॉक्टरनं इचारलं. मी माय, पन मले माहीत नव्हतं.

"नऊ किलो चारशे," भासरे म्हनले. "मागच्या सोमवारी नऊ तीनशे."

दर सोमवारी पोरीले बिस्कुट घ्याले म्हनून दुकानात नेत. नेत होते ते तिथल्या काट्यावर बसवाले.

डॉक्टरनं बाटली पाह्यली. "दोन्ही मिळून धोक्याएवढं नाही. पन आज आता हे औषध देऊ नका. उलट्या झाल्या, पोरगी सुस्त वाटली, त लगेच आना." मी बाटली घेऊन बाहेर आली.

बाहेर भासरे भिंतीकडं तोंड करून उभे होते, चिनू खांद्यावर. मले वाटलं, चिनूलेच काही सांगतीन. पन मलेच म्हनले. मले काय म्हनून हाक माराची, तेबी त्यायले माहीत नव्हतं.

"चिनूची आई... दहा वर्सं झाले, लोकायची हेच चूक हुडकून राहिलो. आता पोरीले माह्या खोलीत पाठवू नका." मंग चिनूचा फ्रॉक सारखा केला. "दिवसभरात तेवढीच एक येते. पन नका पाठवू."

आन् त्यायनं पोरगी माह्यापुढं धरली. चिनू त्यायची कॉलर सोडेना. समोरच्या वट्ट्यावर बाया पाहून राहिल्या होत्या. घरी सासूबाई आल्या असतीन, पहिला सवाल मलेच.

मी हात पुढं केला नाही. "चाला, तिले भूक लागली असन," म्हनलं, आन् त्यायच्या बाजूनंच चालाले लागली. पदर डोक्यावर होता का नव्हता, आठवत नाही.

तुमी माह्या जागी असत्या, त घेतली असती का पोरगी त्यायच्या हातातून?