बी तेच, वाढ येगळी

बिरूतात्यांच्या दारात लिंबोणी लगडलेली असायची, तरी आमच्या गल्लीत लिंबं बाजारातून यायची. मागायला गेलं की तात्या दारातच अडवत. "पाहुणी जेवत्यात. मागनं या."

पाहुणी म्हणजे अळ्या. लहानपणी चिमणीच्या शिटेसारख्या दिसणाऱ्या, पुढे हिरव्यागार होणाऱ्या. एखादीला बोट लागलं तर ती डोक्यातून तांबडी शिंगं काढून असा वास सोडी की माणूस हात धूत बसे. तात्या मात्र त्या माणसालाच रागवत.

पंचावन्न-छप्पन सालच्या सुमारास इंदापूरच्या शाळेत आम्ही दोघं मास्तर होतो. मी मराठीचा, ते विज्ञानाचे, आणि घरं भिंतीला भिंत लागून. तात्या एकटेच राहत. एकदा शाळा तपासायला आलेल्या साहेबांना त्यांनी वर्गात तोंडावर बोट ठेवून गप्प केलं, कारण खिडकीतल्या कोशातून फुलपाखरू बाहेर येत होतं. साहेब तपासणी विसरून पोरांच्या बाकावर बसून राहिले.

वर्गात तात्या पुस्तकी बोलत, पण अळीचा विषय निघाला की गावाकडची बोली सुटे. पुण्याच्या शिबिरात एका प्रोफेसरांनी सांगितलेलं ते मला कितीदा तरी ऐकवत. अळीच्या अंगात बाळपणाचा एक रस असतो, तो आहे तोवर ती कात टाकून पुन्हा अळीच होते, नुसती मोठी. तो आटला की कोश. पण पेशीतली रंगसूत्रं अळीची तीच फुलपाखराची. "बी तेच, वाढ येगळी," असं म्हणून ते बाहेर वाटेकडे बघत. त्या बघण्याचा अर्थ मला कळत नसे.

दिवाळीनंतरच्या एका बाजारच्या दिवशी मला तात्या घोंगडं पांघरून, डोईला मुंडासं बांधून मिठाचा भाव करताना दिसले. मी हाक मारली. तो माणूस वळला. तेच नाक, तीच हनुवटी, फक्त उन्हानं करपलेली.

"तुमी मास्तराला वळखता व्हय?" तो म्हणाला. "मी मल्हारी. आमी जुळं."

बोलता बोलता सगळं कळलं. बाप मेंढरं घेऊन दरवर्षी पश्चिमेला उतरायचा. एका वर्षी बिरूला ताप भरला, म्हणून त्याला वरकुट्याला मामाकडे ठेवलं. बाप परत येईपर्यंत मामानं त्याला शाळेत घातलं होतं. तेव्हापासून एक पाटीमागे, एक मेंढरांमागे. आईबाप गेल्यावर भेटी तुटल्या. कळप इंदापुरावरून जायचा तेव्हा मल्हारी शाळेच्या कुंपणाबाहेर उभा राहून जायचा. आत का आला नाहीस, विचारलं तर म्हणाला, "पोरांम्होरं मास्तराला कशाला अवघडवायचं?"

मी त्याला घरी नेलं. भाऊ गळ्यात पडले नाहीत. तात्यांनी पाणी दिलं, मल्हारी ते एका दमात प्यायला. मग तो लिंबोणीकडे बघत म्हणाला की एवढं झाड किडीनं खाल्लं, औषध का मारत नाहीस. अळ्यांबद्दल असं बोलणारा तो पहिलाच माणूस, ज्याच्यावर तात्या चिडले नाहीत. उलट प्रोफेसरांचं सगळं त्यांनी त्याला पहिल्यापासून सांगितलं. मल्हारी शेवटपर्यंत ऐकत राहिला आणि दिवस कलायला लागल्यावर उठला. कळप पिंपळीच्या वाटेला लागायचा होता.

दुसऱ्या दिवशी तात्या शाळेत आले नाहीत. दुपारच्या सुट्टीत मी कळप बसला होता त्या रानात गेलो. मेंढरं पुढे गेली होती. एका मेंढीला निघतानाच वेणा लागल्या म्हणून मल्हारीची बायको पाल ठोकून मागं राहिली होती, आणि तिचं कुत्रं माझ्या अंगावर असं धावून आलं की मी बांधावर चढलो. तिनं हाक मारून त्याला आवरलं.

तात्या पलीकडे चपला हातात धरून बसले होते. पाय सोलले होते. पहाटे कळपाबरोबर निघाले होते, पण चालणं झेपेना, म्हणून भावानं माघारी धाडलं होतं.

मी त्यांना उठायला हात दिला. ते उठले नाहीत. कुत्रं येऊन त्यांच्या मांडीला टेकून बसलं.

"माझ्यावर एकदाबी भुंकलं न्हाय बघा," तात्या म्हणाले.